ॲम्टॉर शिकण्याचा क्रम: आधी ऐका, मग मोड बी, सर्वांत शेवटी मोड ए

साध्या रेडिओ टेलिप्रिंटरमध्ये, म्हणजे आरटीटीवायमध्ये, प्रत्येक अक्षर पाच बिटांचे असते आणि पाच बिटांपासून बनणारे सगळेच्या सगळे ३२ संकेत वैध असतात. वाटेत एक बिट उलटले तरी पलीकडे काहीतरी उमटतेच, आणि ते चुकीचे आहे हे यंत्राला कळायला मार्ग नसतो. आकड्यांकडे वळवणारा शिफ्टचा संकेत हरवला तर '५९९' हा सिग्नल उत्तम असल्याचा रिपोर्ट 'टी-ओ-ओ' होऊन येतो.

ॲम्टॉर या हौशी रेडिओवरच्या टेलिप्रिंटर पद्धतीने यावर साधा इलाज केला. जहाजांसाठीच्या सिटॉर पद्धतीवरून (सीसीआयआर या आंतरराष्ट्रीय रेडिओ संस्थेची शिफारस ४७६) पीटर मार्टिनेझ (कॉलसाइन, म्हणजे स्टेशनचे ओळखनाव, जी३पीएलएक्स) यांनी १९७०च्या दशकाच्या अखेरीस ती हौशी रेडिओसाठी बसवली. यात अक्षर सात बिटांचे असते आणि त्यात चार बिटे एका प्रकारची, तीन दुसऱ्या प्रकारची असावीच लागतात. सात बिटांच्या १२८ संकेतांपैकी ही अट फक्त ३५ पाळतात: ३२ टेलिप्रिंटरच्या जुन्या वर्णमालेसाठी आणि तीन सेवासंकेत (अल्फा, बीटा आणि आरक्यू). एखादे बिट उलटले की चार-तीनचा हिशेब मोडतो आणि रिसीव्हरला चूक कळते.

एक पळवाट मात्र उरते. एकाच अक्षरात दोन विरुद्ध प्रकारची बिटे एकदम उलटली तर हिशेब पुन्हा जुळतो आणि चुकीचे अक्षर बिनबोभाट आत येते. म्हणून कॉलसाइन, फ्रीक्वेन्सी, वेळ अशा गोष्टी ॲम्टॉरवरही दोनदा पाठवाव्यात.

चूक कळल्यावर काय करायचे, याची दोन उत्तरे आहेत. मोड बी, म्हणजे एफईसी, प्रत्येक अक्षर दोनदा पाठवतो. रिसीव्हर त्यातले शाबूत असेल ते घेतो. मोड ए, म्हणजे एआरक्यू, तीन अक्षरे पाठवतो, थांबतो आणि पोच मिळाल्याशिवाय पुढे जात नाही. दोन्हींचा वेग १०० बॉड (सेकंदाला १०० बिटे) आणि शिफ्ट, म्हणजे दोन टोनांमधले अंतर, १७० हर्ट्झ. मोड ए जास्त भरवशाचा असल्यामुळे नवशिका थेट त्याकडे धावतो आणि अडकतो. तिथे खोळंबा बहुधा सिग्नल कमजोर असल्याने होत नाही. स्टेशनचे मिलिसेकंदांचे गणित बिघडलेले असते. खालचा क्रम याच कारणाने ठरवला आहे.

पायरी १: नॅव्हटेक्स ऐकणे

हौशी बँडांवर आज ॲम्टॉर क्वचितच ऐकू येतो, पण मोड बीचा सराव रोज फुकट मिळतो. समुद्रावरच्या जहाजांना हवामान आणि सुरक्षेच्या सूचना देणारी नॅव्हटेक्स सेवा ५१८ किलोहर्ट्झवर सिटॉर-बीमध्येच चालते. स्थानिक भाषेतली प्रसारणे ४९० किलोहर्ट्झवर असतात. प्रत्येक केंद्राला दर चार तासांनी दहा मिनिटांचा वाटा मिळतो, म्हणून पाच मिनिटे ऐकून 'काहीच नाही' असे ठरवू नका. किनारा दूर असेल तर रात्री प्रयत्न करा. बऱ्याच ट्रान्सीव्हरांची संवेदनशीलता १.८ मेगाहर्ट्झच्या खाली मुद्दाम कमी केलेली असते. तसे असेल तर इंटरनेटवरून चालणारा, किनाऱ्याजवळचा एखादा एसडीआर (सॉफ्टवेअरवर चालणारा) रिसीव्हर वापरा.

रिसीव्हर अपर साइडबँडवर ठेवून डायल ५१७.० किलोहर्ट्झवर लावा, म्हणजे सिग्नलचा मध्य १००० हर्ट्झच्या आवाजावर येतो. एफएलडिजी या सॉफ्टवेअरमध्ये नॅव्हटेक्स निवडा आणि वॉटरफॉलवर (फ्रीक्वेन्सींच्या सरकत्या चित्रावर) दिसणाऱ्या दोन रेघांच्या बरोबर मध्ये कर्सर ठेवा. निरोपाची सुरुवात 'झेडसीझेडसी' या अक्षरांनी आणि शेवट 'एनएनएनएन'ने होतो. सुरुवातीच्या अक्षरांमागे चार चिन्हांचा गट असतो: पहिले चिन्ह केंद्राचे, दुसरे विषयाचे (ए म्हणजे नौकानयनाचा इशारा, बी हवामानाचा इशारा, ई हवामानाचा अंदाज) आणि शेवटची दोन अनुक्रमांकाची.

इथे तीन सवयी हाताला लागल्या पाहिजेत. पहिली, कर्सर २०-३० हर्ट्झच्या आत नेमका बसवणे. दुसरी, फिल्टर ५०० हर्ट्झच्या आसपास ठेवणे. सिग्नल साधारण ३०० हर्ट्झ रुंद असतो, त्यामुळे २५० हर्ट्झचा फिल्टर त्याच्या कडा खातो आणि चुका वाढतात. तिसरी, 'रिव्हर्स' ओळखणे. दोन टोनांची अदलाबदल झाली तर आरटीटीवायमध्ये पडदाभर कचरा येतो. ॲम्टॉरमध्ये उलटलेल्या प्रत्येक अक्षरात चार-तीनचे तीन-चार होते आणि एकही अक्षर वैध ठरत नाही. सिग्नल ठणठणीत, ट्यूनिंग बरोबर आणि पडदा कोरा असेल तर आधी रिव्हर्सचे बटण दाबून पाहा.

सिग्नल नसताना नुसत्या गोंगाटातून अक्षरे उमटू लागली तर घाबरू नका. यादृच्छिक सात बिटे वैध अक्षर ठरण्याची शक्यता १२८ पैकी ३५, म्हणजे सुमारे २७ टक्के. मोड बीमध्ये दोन प्रतींपैकी एक चालली तरी पुरते, त्यामुळे गोंगाटातूनही जवळजवळ निम्म्या जागा भरू शकतात. यासाठीच स्क्वेल्च असतो. सिग्नल गेल्यावर छपाई थांबेल इतपतच तो चढवा.

पायरी २: जोडणी आणि पातळ्या

नव्या ट्रान्सीव्हरला मागे यूएसबी केबल लावली की ध्वनी, प्रसारणाचा स्विच (पीटीटी) आणि फ्रीक्वेन्सी हे सगळे एकाच तारेतून होते. जुन्या सेटसाठी मात्र जोडणी हाताने करावी लागते. ऐकण्याच्या आणि प्रसारणाच्या, दोन्ही ध्वनितारांत ६०० ओहमचा एकास-एक आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घाला. संगणक आणि रेडिओची अर्थिंग एकमेकांना भिडल्यावर येणारी घरघर त्याने जाते. साउंड कार्डचे आउटपुट थेट माइकच्या सॉकेटला देऊ नका. मालिकेत १० किलोओहम आणि जमिनीकडे १०० ओहम लावले की पातळी शंभरपट उतरते आणि माइकला मानवते. मागे डेटाचे वेगळे सॉकेट असेल तर इतकी घट नको, कारण तिथे मुळातच जास्त पातळी अपेक्षित असते.

पीटीटीसाठी सीरियल पोर्टच्या आरटीएस तारेतून १ किलोओहममार्गे एका साध्या एनपीएन ट्रान्झिस्टरचा बेस चालवा. एमिटर जमिनीला, कलेक्टर पीटीटीला. बेस आणि एमिटरमध्ये १एन४१४८ डायोड उलटा लावा, नाहीतर आरटीएसचा ऋण व्होल्टेज ट्रान्झिस्टरला मारतो. संगणक सुरू होताना काही पोर्ट आरटीएस क्षणभर उचलतात आणि सेट आपोआप प्रसारणात जातो. म्हणून आधी संगणक, मग रेडिओ, आणि पहिल्या चाचणीला अँटेनाऐवजी डमी लोड (शक्ती उष्णतेत जिरवणारा रोध).

सेटवर स्पीच कॉम्प्रेसर, नॉइज ब्लँकर, आरआयटी आणि स्प्लिट बंद ठेवा. एजीसी (रिसीव्हरची पातळी आपोआप सांभाळणारी सोय) जलदवर. व्हॉक्स (आवाज आला की आपोआप प्रसारण सुरू करणारी सोय) वापरू नका. मोड बीमध्ये तो कसाबसा निभावतो, मोड एमध्ये मुळीच चालत नाही.

पातळी लावताना डमी लोडवर सलग टोन पाठवा, एएलसीचा (प्रसारणाची पातळी मर्यादेत ठेवणाऱ्या सोयीचा) काटा जेमतेम हलेपर्यंत ध्वनी वाढवा आणि मग काटा स्थिर होईपर्यंत कमी करा. प्रसारणासाठी टोनांचा मध्य १५०० हर्ट्झ किंवा वर ठेवलेला बरा. १००० हर्ट्झच्या टोनात जरा विकृती असेल तर त्याचा २००० हर्ट्झचा हार्मोनिक साइडबँड फिल्टरमधून सरळ बाहेर पडतो आणि वॉटरफॉलवर तुमची दुसरी, फिकट प्रत दिसते.

पायरी ३: मोड बीमध्ये बोलणे

मोड बीची रचना समजली की त्याच्या मर्यादा आपोआप कळतात. प्रत्येक अक्षर ७० मिलिसेकंदांचे असते. ते एकदा जाते, मग मध्ये चार दुसरी अक्षरे जातात आणि नंतर त्याचीच दुसरी प्रत येते. दोन प्रतींमध्ये २८० मिलिसेकंदांचे अंतर पडते. विजेचा कडकडाट किंवा इंजिनाची ठिणगी याहून आखूड असेल तर ती दोन्ही प्रतींना एकदम पोचत नाही. दोन-तीन सेकंद चालणारे फेडिंग (सिग्नल मंदावणे) मात्र दोन्ही प्रती गिळते आणि पडद्यावर रिकामी जागा किंवा आडवी रेघ उरते. असे वारंवार झाले तर टंकनात काही दोष नसतो. बँड साथ देत नसतो.

फेऱ्या दुप्पट असूनही मोड बी मंद नाही. त्याचा वेग सेकंदाला सुमारे सात अक्षरांचा पडतो, ४५.४५ बॉडच्या आरटीटीवायचा सहा.

प्रसारण सलग चालते, म्हणून शक्ती कमी करा. १०० वॉटचा सेट ३० ते ४० वॉटवर चालवा. १०० वॉटवर फायनल ट्रान्झिस्टर काही मिनिटांत तापतात आणि पलीकडच्याला पडणारा फरक सिग्नल-मीटरवरचा एक एस-युनिटसुद्धा नसतो.

जागा निवडताना २० मीटरवर १४.०७४ (एफटी८), १४.०८० (एफटी४) आणि १४.०९५६ (डब्ल्यूएसपीआर) या डायल-जागांच्या वरच्या तुकड्यांना हात लावू नका, आणि १४.१०० मेगाहर्ट्झवरच्या बीकनांपासून तर लांबच राहा. उरलेल्या आरटीटीवायच्या पट्ट्यात मिनिटभर ऐकून जागा धरा. कोणत्या पट्ट्यात कोणती पद्धत चालते आणि ओळख किती वेळाने द्यायची, हे तुमच्या परवान्यात पाहून घ्या. ऐनवेळी सीक्यू (कोणालाही उद्देशून हाक) देऊन उत्तर मिळण्याची आशा धरण्यापेक्षा जोडीदाराशी वेळ आणि फ्रीक्वेन्सी आधी ठरवलेली बरी.

बटण दाबल्यावर लगेच टाइप करू नका. पहिले तीन-चार सेकंद मोडेम जुळणीचे संकेत पाठवत असतो आणि समोरचा रिसीव्हर त्यावरच अक्षरांच्या सीमा ओळखतो. घाईत टाइप केलेला पहिला शब्द हमखास हरवतो. सीक्यू तीनदा, तुमचे कॉलसाइन तीनदा, मग 'के' (आता तुम्ही बोला) आणि थांबा. लांब मजकूर पाठवताना मध्येमध्ये दोन-चार सेकंद हात उचला. त्या रिकाम्या वेळात पुन्हा जुळणीचे संकेत जातात, आणि मधूनच आलेला किंवा फेडिंगमध्ये सुटलेला श्रोता परत पकड घेतो. ६५ ते ७० अक्षरांनंतर नवी ओळ द्या. अक्षरे फक्त कॅपिटल. आकड्यांचा गट असेल तर त्याच्या दोन्ही बाजूंना जागा सोडा, म्हणजे शिफ्ट हरवल्यास बिघाड एका शब्दापुरता राहतो.

काही मोडेमांवर 'सेलफेक' असा पर्याय दिसेल. त्यात मजकूर मुद्दाम उलट्या बिटांनी, तीन-चारच्या प्रमाणात जातो; ज्याच्या नावाने हाक दिली त्याचाच मोडेम तो छापतो. नवशिक्याला त्याची गरज नाही.

पायरी ४: मोड ए

मोड एचे एक चक्र ४५० मिलिसेकंदांचे. पाठवणारा २१० मिलिसेकंदांत तीन अक्षरे पाठवतो आणि २४० मिलिसेकंद कान देतो. ऐकणारा एका अक्षराएवढी, म्हणजे ७० मिलिसेकंदांची पोच देतो. उरले १७०. सिग्नलचा जाण्या-येण्याचा प्रवास आणि दोन्ही सेटांची प्रसारण-ग्रहणाची अदलाबदल, हे सगळे या १७० मिलिसेकंदांत बसवायचे.

पोचही हुशारीने आखलेली आहे. गट नीट मिळाला तर ऐकणारा सीएस१ आणि सीएस२ हे पोचेचे दोन संकेत आलटूनपालटून देतो. गट बिघडला तर आधीचीच पोच पुन्हा देतो आणि पाठवणारा तोच गट परत पाठवतो. पोचच बिघडली तर पाठवणारा आरक्यूचे तीन संकेत पाठवून ती पुन्हा मागतो. त्यामुळे अक्षरे गळत नाहीत आणि दुहेरीही येत नाहीत. सलग ३२ चक्रे काहीच जमले नाही तर दोन्ही बाजू जुळणी नव्याने सुरू करतात. जुन्या ४७६ पद्धतीत ही नवी जुळणी त्याच स्टेशनाशी झाली आहे का, याची खातरजमा नव्हती. नंतरच्या ६२५ पद्धतीत ती आली. मोडेम दोन्ही पद्धती देत असेल तर ६२५ निवडा.

इथे साउंड कार्ड लंगडे पडते. विंडोजच्या किंवा अन्य कोणत्याही प्रणालीच्या ध्वनी-बफरमध्येच कित्येकदा १०० मिलिसेकंदांपर्यंत वेळ जातो. यूएसबी-सीरियल चिपही स्वतःची भर घालतात. एफटीडीआयच्या चिपचा लेटन्सी टायमर मुळात १६ मिलिसेकंदांवर असतो. म्हणून मोड ए साठी पीके-२३२ किंवा कॅमसारखा स्वतंत्र मोडेम शोधा. तो वेळेचा हिशेब स्वतः सांभाळतो, संगणकाकडे फक्त टायपिंग उरते.

मोडेममध्ये आधी तुमचा सेलकॉल, म्हणजे मोडेमने ओळखायचे छोटे नाव, भरा. ४७६ मध्ये तो चार अक्षरांचा असतो आणि त्यात आकडे चालत नाहीत. कॉलसाइनचे पहिले अक्षर आणि आकड्यानंतरची तीन अक्षरे घ्यायची. आकड्यानंतर दोनच असतील तर पहिले अक्षर दोनदा: डब्ल्यू१एडब्ल्यूचा सेलकॉल होतो डब्ल्यू-डब्ल्यू-ए-डब्ल्यू.

हाक देण्यापूर्वी मोड बीमध्ये तुमचे कॉलसाइन पाठवून ओळख द्या, कारण एआरक्यूच्या हाकेत सेलकॉल असतो, कॉलसाइन नसते. मग एआरक्यूच्या आज्ञेसोबत समोरच्याचा सेलकॉल द्या. सेट ४५० मिलिसेकंदांच्या ठेक्यावर रातकिड्यासारखा किरकिरू लागतो. समोरचा मोडेम नाव ओळखून सीएस१ देतो, तुमच्या लांब किरकिरीच्या मध्ये त्याची आखूड किरकिर ऐकू येते आणि दुवा जुळतो. पंधरा-वीस सेकंदांत हे झाले नाही तर थांबा. पोकळ हाक दिल्याने फ्रीक्वेन्सी अडते, आणि तिथे कदाचित दुसरी जोडी बोलत असेल जिच्यातले एकच स्टेशन तुम्हाला ऐकू येत असेल.

मजकूर संपला की '+?' टाइप करा. त्याने पाळी बदलते: ऐकणारा सीएस३ देतो आणि पाठवणारा होतो. ऐकणाऱ्यालाही मोडेमच्या आज्ञेने सीएस३ पाठवून मध्येच पाळी घेता येते. लक्षात ठेवण्यासारखे हे की ज्याने हाक दिली तोच शेवटपर्यंत ठेका धरतो. पाळी बदलली तरी घड्याळ त्याचेच चालते. बोलणे संपवताना दुवा आज्ञेने तोडा. सेट तसाच बंद केला तर समोरचा मोडेम ३२ चक्रे आणि त्यानंतरही काही काळ तुम्हाला शोधत राहतो. दुवा तुटल्यावर मोड बी किंवा मोर्समध्ये पुन्हा ओळख द्या.

दुवा जुळत नाही तेव्हा

सिग्नल जोरकस, जोडीदार जवळ आणि तरीही दुवा लागत नाही किंवा आरक्यूचा दिवा सतत पेटलेला: पहिला संशय प्रसारण-विलंबावर घ्या. पीटीटी दाबल्यापासून मोडेम पहिले बिट सोडेपर्यंतचा हा वेळ असतो. पीके-२३२ वर त्याची आज्ञा 'एडिले' आहे आणि तो दहा-दहा मिलिसेकंदांच्या पायऱ्यांनी बदलतो. विलंब अपुरा असेल तर सेट पूर्ण शक्तीवर येण्याआधीच गटाचे पहिले अक्षर निघून जाते आणि प्रत्येक गट बिघडतो. ४० मिलिसेकंदांपासून सुरुवात करा, दुवा बिघडेपर्यंत एकेक पायरी खाली या आणि मग एक पायरी वर जाऊन थांबा.

हा आकडा कमीत कमी ठेवायचे कारण अंतर. रेडिओलहर मिलिसेकंदाला ३०० किलोमीटर जाते. ५,००० किलोमीटरच्या जाण्या-येण्याला ३३ मिलिसेकंद लागतात. मग १३७ शिल्लक राहतात आणि सगळे आरामात बसते. २०,००० किलोमीटरला मात्र १३३ लागतात. उरलेल्या ३७ मध्ये ४० चा विलंब बसतच नाही. जवळच्यांशी छान जुळणारे स्टेशन पृथ्वीच्या पलीकडच्याला कधीच का सापडत नाही, याचे उत्तर बहुतेक वेळा हेच असते.

याच्या उलट दोष जवळच्या स्टेशनांशी दिसतो. पोच इतक्या लवकर परत येते की तुमचा रिसीव्हर प्रसारणातून सावरलेलाच नसतो. एजीसी मंद असेल तर पोचेची सुरुवात दबून जाते. एजीसी जलद करा, आरएफ गेन थोडा उतरवा. तेवढ्याने भागले नाही तर जोडीदाराला त्याचा विलंब एक-दोन पायऱ्यांनी वाढवायला सांगा.

आधी दुवा होता आणि लिनियर ॲम्प्लिफायर लावल्यावर गेला, तर दोषी त्याचा अँटेना रिले. मोड ए दर ४५० मिलिसेकंदांनी एकदा, म्हणजे तासाला ८,००० वेळा अदलाबदल करतो. साधा उघडा रिले इतका चपळ नसतो, आणि असला तरी लवकर झिजतो. मोर्ससाठी पूर्ण ब्रेक-इन देणारे सेट आणि व्हॅक्यूम किंवा पिन-डायोड स्विचिंगचे ॲम्प्लिफायर इथे चालतात. इतरांनी ॲम्प्लिफायर बाजूला ठेवावा. एआरक्यू पाठवताना सेट ४७ टक्केच वेळ प्रसारणात असतो, त्यामुळे सेटची स्वतःची शक्ती मोड बीपेक्षा थोडी चढवता येते.

दुवा आहे, पण मजकूर रखडतोय: मोडेम किती गट परत पाठवतो ते पाहा. एकही गट परत गेला नाही तर सेकंदाला ६.७ अक्षरे जातात. दर तिसरे चक्र वाया गेले तर साडेचारच्या आसपास. निम्म्याहून जास्त चक्रे वाया जात असतील तर टाइप करत बसू नका. आधी ट्यूनिंग तपासा, मग फिल्टर, आणि शेवटी बँड बदला. अशा फाटक्या दुव्यावर मघाची पळवाटही जास्त खुली होते: नुसत्या गोंगाटातून तिन्ही अक्षरे वैध ठरण्याची शक्यता सुमारे दोन टक्के आहे, आणि बिघडलेले गट जितके जास्त तितक्या वेळा हा फासा पडतो.

मोड ए हाताखाली आल्यावर पॅक्टर-१ फारसा अनोळखी वाटत नाही. १९९१ मध्ये जर्मनीत तयार झालेल्या या पद्धतीत चार-तीनच्या हिशेबाऐवजी १६ बिटांची सीआरसी तपासणी आहे, त्यामुळे चुकीचे अक्षर आत शिरणे जवळजवळ थांबते. शिवाय बिघडलेल्या प्रती फेकून न देता त्यांची बेरीज करून मजकूर काढला जातो. चक्र १.२५ सेकंदांचे असते: ०.९६ सेकंदांचे पॅकेट आणि ०.१२ सेकंदांची पोच. उरणारा वेळ पुन्हा १७० मिलिसेकंदच. म्हणून मोड ए साठी लावलेला विलंब इथे तसाच ठेवा. रिलेचे हेलपाटे मात्र तासाला ८,००० वरून २,८८० वर येतात.